कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून

नाईफच्या मागच्या गल्लीत, जिथे एसीचं पाणी
डोक्यावर ठिबकतं आणि कुणी वर बघत नाही,
तिथे पाटी आहे: ये ट्रेडिंग.
पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं,
कुणीतरी मराठीत बोलावतंय.

तसं काही नव्हतं. ये हे सासऱ्याचं आडनाव.
तिचं वेगळं, छन. लग्नानंतरही तेच राहिलं,
पण फक्त व्हिशावर.

रुइछिन बटणं विकते.
कंदुऱ्याची पांढरी, अबायाची काळी,
शिंपल्याची, शिंगाची, म्हणजे म्हणायला शिंगाची.
मोजत नाही. मूठ भरते, जोखते आणि सांगते,
ग्रोसला चार कमी.
मी घरी नेऊन मोजलीत.
चारच कमी असतात.

तिच्या गावी, वन्चौच्या पलीकडे,
घरोघरी बटणांची यंत्रं. ओढ्याचा रंग
त्या आठवड्याच्या ऑर्डरीवरून ठरायचा.
नवरा तिकडे माल भरतो, ती इकडे उतरवते.
मधे एक मुलगी, आजीकडे वाढलेली,
जिला फोनवर ‘जेवलीस का’ याखेरीज
काय विचारावं ते सुचत नाही,
असं तिनंच सांगितलं. सांगितलं म्हणजे
थोडी हिंदी, थोडी अरबी, बाकी हात.

अकरा वर्षं आम्ही अशाच बोलतोय.
ती आकडा दाबते, यंत्र माझ्याकडे वळवते.
मी खोडते, माझा दाबते, वळवते.
ती कपाळावर हात मारते,
मी पिशवी उचलून दारापर्यंत जाते.
‘माधाम, तआल, तआल!’
आणि दोघींना आधीपासून ठाऊक असलेल्या भावावर
आम्ही येऊन टेकतो.

गल्ल्याची किल्ली सासऱ्याच्या कमरेला.
एकदाच तिच्या हाती आली, त्याच्या मोतीबिंदूच्या वेळी.
त्या दोन दिवसांचा हिशोब त्यानं तीनदा तपासला.
दोन दिरहम जास्त निघाले.
त्यावरही चिडला.

ईदच्या आधीचे दिवस. आमच्याकडे कापडाचे डोंगर,
नवरा मशीनवरच झोपलेला.
मी धावत गेले, काळी, दहा ग्रोस, जल्दी.
ती काही बोलली नाही.
सदुसष्ट दाबले, यंत्र वळवलं.
मी सवयीनं खोडून
पन्नास केले.

तिनं पन्नासकडे बघितलं.
मग पुन्हा सदुसष्ट. हळूच.
‘मामा,’ म्हणाली.
आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ,
पण मला कळलं.
ते पन्नास अजून माझ्या बोटात आहेत.

जबल अलीला कंटेनर लागला होता.
ती गेली नाही.
गेली नाही की जाऊ दिलं नाही,
तिच्या हिंदीत दोन्हींना एकच शब्द: नई.
दुपारी तिनं मला दहा ग्रोस दिले.
चार कमी नव्हते. वर मूठभर जास्त.

दोन महिन्यांनी दिरासोबत पुडकं आलं.
आईचं निळं जाकीट, कापडाच्या गाठींची बटणं,
गळ्याजवळची एक तुटलेली.
मागे छतापर्यंत खोकी, त्यांत लाखांनी बटणं,
त्यांपुढे उभी राहून ती मला म्हणाली,
‘माधाम, तुम बनाओ.’ आणि ‘काच.’
काज तिला अजून म्हणता येत नाही.

ह्या बटणांना काज नसतंच. फासा असतो.
मी गाठ उलटी-पालटी करून बघितली,
आत टोक सापडेना.
शेवटी रात्री सुईनं एक सोडवली,
कशी बांधायची ते शिकायला.
सुटली. बांधता आली नाही.
आता दोन नाहीत.

जाकीट खुंटीवर आहे, अबायांच्या मागे.
ती रोज संध्याकाळी दारातून डोकावते,
चपला न काढता, अर्धी आत, अर्धी गल्लीत.
मी म्हणते, बुकरा, उद्या.
शिंप्याचा उद्या तिला माहीत आहे.
ती मान हलवते आणि उभीच राहते थोडा वेळ,
अबाया बाजूला सारून
बाही एकदा हातात घेऊन
जोखते.